वाक्य पूर्ण होतंय तोवर

सरांच्या ऑपरेशन थिएटरच्या भिंतीवर एक काळा फळा होता आणि त्यावर पांढऱ्या रंगानं काही शब्द लिहिलेले होते. अरेरे, बाप रे, गेलं, फुटलं, पकडा पकडा, आता काय. हे शब्द आत उच्चारायचे नाहीत. ज्याच्या तोंडून निघेल त्यानं हातातलं काम शेजारच्याकडे द्यायचं आणि मुकाट्यानं बाहेर जाऊन उभं राहायचं. कारण सरांच्या टेबलावरचा माणूस जागा असायचा.

नांदेडला दवाखान्यांच्या गर्दीत सरांचा लहानसा, दोन मजली दवाखाना होता. तिथं मी सात वर्षं सिस्टर होते. सर छातीचे सर्जन. त्यांच्याकडं येणारे बहुतेक लोक इतर ठिकाणांहून परत पाठवलेले असायचे. फुप्फुसं इतकी खराब झालेली की पूर्ण भूल देऊन मशीनवर घेतलं तर पुन्हा स्वतःचा श्वास घेतील याची खात्री नाही. अशा माणसाला सर फक्त बरगड्यांच्या मधली जागा इंजेक्शनं देऊन बधिर करायचे, कुशीत दोन बोटं जातील एवढा छेद घ्यायचे आणि कॅमेऱ्याची नळी आत घालून काम करायचे. माणूस एका कुशीवर पडून सगळं ऐकत असायचा. छेद घेतला की बाहेरची हवा आत शिरते आणि त्या बाजूचं फुप्फुस आक्रसतं. अर्धा श्वास कुणी काढून घेतल्यासारखं वाटतं. त्या क्षणी माणूस उठून बसायला बघतो. त्या क्षणासाठीच सरांनी मला ठेवलं होतं. माझं काम एकच, डोक्याशी स्टुलावर बसून त्याच्याशी बोलत राहायचं.

सर मूळचे उदगीरचे, लिंगायत. घरचं कापडाचं दुकान. बुटके, मानेपर्यंत बटणं लावलेला शर्ट, चालणं तुरुतुरु. ऑपरेशनच्या आधी उभ्या उभ्या अर्धापूरची दोन केळी खायचे आणि काम संपेपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचे नाहीत. पेशंट हा शब्द त्यांना चालत नसे. ते म्हणायचे मालक. ‘मालक काय म्हणतायत, सिस्टर?’ छाती त्यांची, म्हणून मालक ते. मालकांशी मऊ बोलणारा हा माणूस बाकी सगळ्यांशी भयंकर तुसडा होता. नातेवाइकांवर खेकसायचा, औषध कंपन्यांच्या माणसांना दारातूनच घालवायचा. गावातले इतर डॉक्टर म्हणायचे, हे गप्पा मारत छाती उघडतात, एक दिवस अंगाशी येईल. सरांच्या कानावर ते यायचं. ते उत्तर देत नसत.

मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी माझी प्रमाणपत्रं बघितलीच नाहीत. मला थिएटरमधल्या टेबलावर कुशीवर झोपवलं, एक हात डोक्यावर बांधला, तोंडापुढं हिरवी चादर टाकली आणि म्हणाले, एक तास हलायचं नाही. मग माणसं आपापली कामं करत राहिली. भांडी वाजत होती, कुणीतरी कुजबुजत होतं. अर्ध्या तासानं माझा खालचा खांदा माझा राहिला नाही. कुणाच्या तरी हातून काहीतरी खणकन पडलं आणि तो माणूस म्हणाला, ‘गेलं.’ तासानंतर सरांनी विचारलं, काय ऐकलं? मी म्हणाले, गेलं ऐकलं, आणि मला वाटलं माझंच काहीतरी गेलं. सर म्हणाले, उद्यापासून या.

‘घाबरू नका’ हे शब्द फळ्यावर नव्हते, पण तेही बंदच होते. घाबरू नका म्हटल्यानं आजवर कुणी घाबरायचं थांबलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी पुढं काय होणार ते सांगायचं. आता गार लागेल. आता दाबल्यासारखं होईल. आणि छेद घ्यायच्या आधी ते स्वतः वाकून मालकांच्या कानाशी सांगायचे, ‘आता दम कमी पडल्यावानी वाटंल. तो दम मी काढून ठेवायलोय. काम झालं की परत देतो.’ मी हे वाक्य कितीदा ऐकलं असेल. लोक त्यावर मान डोलवायचे.

खोटं मात्र बोलायचं नाही. दुखणार असेल तर दुखणार म्हणायचं. एका बाईंनी आत असताना विचारलं, रक्त यायलंय का? सर म्हणाले, हाव, यायलंय, बोट ठेवलंय म्या, पाच मिनिटं हलू नका. त्या बाई पाच मिनिटं पापणीसुद्धा न हलवता पडून राहिल्या. खोटं सांगितलं असतं तर त्यांनी मान वळवून बघितलं असतं.

दर गुरुवारी सर लातूरला जायचे. तिथं एका दवाखान्यात त्यांचे रुग्ण असत, आणि ऑपरेशन असलं की मलाही जावं लागायचं. गाडी ते स्वतः चालवायचे. पहिल्या वेळी चाकूरच्या पुढं माझ्या लक्षात आलं की हा माणूस बोलता बोलता मधेच गप्प होतो, चेहरा लाल होतो, कपाळावरची शीर फुगते. मला वाटलं झटका आला. मी ओरडणार तेवढ्यात किलोमीटरचा दगड मागं गेला आणि त्यांनी मोठा श्वास सोडला. ते एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत श्वास धरून ठेवत होते. ताशी साठच्या वेगानं, हातात स्टिअरिंग. मी दाराची मूठ घट्ट धरली आणि विचारलं, हे कशासाठी? ते म्हणाले, शेवटच्या पंधरा सेकंदांत माणसाला काहीच ऐकू येत नाही, हे मला रोज आठवायला पाहिजे. जे सांगायचं ते त्याच्या आधी सांगून व्हायला हवं.

ताण आला की सरांच्या तोंडून घरचं कानडी निघायचं. मदत करणारा डॉक्टर घाई करायला लागला की ते म्हणायचे, ‘निधान, निधान.’ म्हणजे हळू. आम्हाला ते कळायचं, आणि हेही कळायचं की आत काहीतरी बिघडलंय. एकदा टेबलावर एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी ‘निधान’ ऐकलं आणि त्यांना ऐकू आलं ‘निधन’. त्यांनी माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठले. कुणाचं, कुणाचं, असं विचारत राहिले. सगळं निभावल्यावर सरांनी हात धुतले, स्वतः रंग आणि ब्रश मागवला आणि फळ्यावर शेवटी लिहिलं, निधान. त्या दिवशी नियमाप्रमाणं ते दहा मिनिटं बाहेर जाऊन उभेही राहिले. आम्ही हसू दाबून धरलं होतं.

त्यानंतर तो शब्द आत फक्त एकदा निघाला.

तो माणूस लोह्याच्या अलीकडच्या एका गावचा होता. पन्नाशी ओलांडलेला, काटक. तरुणपणी विहिरी बांधायचा, म्हणजे खोदलेल्या विहिरीला आतून दगडाचं गोल बांधकाम करायचा. पुढं बोअर आले, विहिरी थांबल्या आणि तो खडी केंद्रावर गेला. तिथल्या धुळीनं फुप्फुसं दगडासारखी झाली. एका बाजूच्या फुप्फुसाला भोक पडलं होतं, त्यातून हवा गळायची. तीन आठवडे छातीत नळी होती आणि खाटेखालच्या बाटलीत बुडबुडे थांबत नव्हते.

आदल्या दिवशी मालकांजवळ बसून चहा प्यायचा आणि उद्या कशावर बोलायचं ते शोधून काढायचं, ही माझी पद्धत. हा माणूस बोलेचना. शेत विचारलं, लेक विचारली, देव विचारला. हाव, न्हाई, एवढंच. बायको म्हणाली, घरीबी असंच हाय, ताई, तोंडात मिठाची गुळणी. सर आले तेव्हा मात्र तो आपणहून बोलला, ‘मला निजवू नका. निजवलं तर मी उठणार न्हाई.’ सरांनी त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाले, तसं होऊ शकतं. म्हणूनच जागं ठेवायलोय. पण दम अगदीच पुरला नाही तर निजवावं लागंल, ते आत्ताच सांगतो. त्यानं संमतीच्या कागदावर उठवायला अंगठा पुढं केला.

सकाळी दहाच्या सुमाराला सुरुवात झाली. भूलतज्ज्ञ मॅडम नेहमीप्रमाणं, वेळ आली तर निजवून मशीनवर घेण्यासाठी, घशात घालायची नळी तयार ठेवून माझ्या शेजारी उभ्या होत्या. सरांनी दमाचं वाक्य सांगितलं, छेद घेतला आणि त्याचे डोळे विस्फारले. मी त्याचा हात धरला. काय बोलावं सुचेना, म्हणून विचारलं, पहिली विहीर कुठं बांधली?

थोडा वेळ तो नुसता श्वास ओढत राहिला. मग म्हणाला, सोनारीच्या वाटेला. तिथून तो सुरू झाला. कुठल्या गावची, कुणाच्या मळ्यातली, किती पुरुष, म्हणजे किती माणसांच्या उंचीइतकी खोल, दगड काळा का तांबूस. एका विहिरीत अर्धं बांधकाम झाल्यावर पाणी अचानक वाढलं आणि हे चौघं गवंडी पायऱ्यांवर रात्रभर अडकले, तेही त्यानं सांगितलं. मधेच म्हणाला, ‘मला यायचं न्हवतं इथं. तिनं आणलं. लई हट्टी बाई हाय.’ आणि पुन्हा पुढची विहीर. मी फक्त विचारत होते, पुढची कुठली? माझ्या आयुष्यात मी इतकं सोपं काम केलं नव्हतं असं तेव्हा वाटत होतं.

आत मात्र सोपं नव्हतं. फुप्फुस बरगड्यांना चिकटलेलं होतं. ते सोडवता सोडवता वेळ जात होता. सरांचा एक ठोकताळा होता की वाक्य पूर्ण होतंय तोवर दम आहे. मशीनवरचे आकडे असतातच, पण वाक्य आधी तुटतं. ते तुटायला लागलं की मी डावा हात वर करायचा, हे आमचं ठरलेलं.

अकराव्या विहिरीला त्याचं वाक्य तुटलं. मी लगेच हात वर केला नाही. मला वाटलं, आठवत असेल. बाराव्या विहिरीला त्यानं गावाचं नाव घेतलं आणि मळा कुणाचा ते सांगायला त्याला तीन श्वास लागले. मी हात वर केला. मॅडमनी आकड्यांकडं बघून विचारलं, ‘सर, घेऊ?’

‘थांबा. भोक दिसलंय. बोलतायत अजून.’

तो खरंच बोलत होता, पण एकेक शब्द. मी हात खाली घेतला नाही. मॅडमनी पुन्हा विचारलं. मदतनीस डॉक्टरचा हात घाईला आला आणि सर म्हणाले, ‘निधान.’

आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. कुणी फळ्याकडं बघितलं नाही. त्या माणसाच्या ओठांचा रंग बदलत होता आणि त्यानं माझा हात सोडून टेबलाची कड पकडली. सरांनी मान वर करून त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाले, घ्या मॅडम, लगेच. मॅडम वाकल्या तेव्हा तो माझ्याकडं बघून म्हणाला, ‘निजवू नका, ताई.’ मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. काही दिलं असेल असं वाटत नाही.

भोक बंद झालं. ऑपरेशन तसं बघायला गेलं तर पूर्ण झालं. पण तो मशीनवरून उतरला नाही. चौथ्या दिवशी दुपारी गेला.

त्यानंतर दोन आठवड्यांनी गुरुवारी आम्ही लातूरला निघालो. सरांनी वाटेत श्वास धरला नाही. लोहा यायच्या आधी त्यांनी गाडी डावीकडं कच्च्या रस्त्याला घातली. मी विचारलं, कुठं? ते म्हणाले, त्यांच्या घरी. नांदेडच्या डॉक्टरांनी त्यांना बजावून सांगितलं होतं की तिकडं फिरकू नका, लोक हात उचलतील. हे मला माहीत होतं. मी म्हणाले, सर, मला इथंच उतरवा. त्यांनी गाडी हळू केली, पण थांबवली नाही. ‘तुमच्याशी बोलले ते शेवटचे. माझ्याशी नाही,’ एवढंच म्हणाले.

घरापुढं लिंबाखाली सात-आठ माणसं बसली होती. आम्हाला बघून सगळी उठली. त्या माणसाचा धाकटा भाऊ पुढं आला आणि दारात आडवा उभा राहिला. म्हणाला, कशाला आलाव? सरांनी चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच सांगितलं. काय आजार होता, काय केलं, कुठं अडकलं. आवाज नेहमीसारखाच कोरडा. शेवटी म्हणाले, ‘दम संपायलाय हे मला दिसत होतं. म्या सात-आठ मिनिटं आधी थांबायला पाहिजे होतं. भोक हाताशी आलं होतं म्हणून थांबलो न्हाई. ती चूक माझी हाय.’

भावाची मूठ वळलेली मला दिसली. मागून कुणीतरी शिवी दिली. सर हलले नाहीत. मग आतून बाईचा आवाज आला, त्यांना आत येऊ द्या.

ती भिंतीला टेकून बसली होती. सरांकडं तिनं बघितलंच नाही. मला म्हणाली, ‘ताई, तुमी जवळ होताव ना? शेवटी काय बोलले?’

हा प्रश्न येणार हे मला गाडीतच कळलं होतं आणि उत्तरही मी तयार केलं होतं. मी म्हणाले, तुमचं नाव घेतलं हो. तुमची आठवण काढली.

ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी मिटल्यासारखं झालं. ‘माझं नाव?’ ती म्हणाली. ‘तीस वर्षांत त्यांनी माझं नाव घेतलं न्हाई. एकदाबी न्हाई.’

मला वर बघवेना. सर दाराशी उभे होते. ते हळूच म्हणाले, ‘सिस्टर, जे झालं ते सांगा.’

मला त्यांचा इतका राग कधीच आला नव्हता. चूक तुमची आणि सांगायचं मी. पण बाई वाट बघत होती. मी सांगितलं. म्हणाले, मला यायचं नव्हतं इथं. तिनं आणलं. लई हट्टी बाई हाय.

बाहेर कुणीतरी खोकलं. मला वाटलं, आता ही ऊर बडवून घेईल. बाईनं पदर तोंडाशी नेला आणि खाली घेतला. ‘हाव,’ ती म्हणाली. ‘हे त्यांचं बोलणं हाय. हे तेच हायत.’ मग पुढं सरकली. ‘अजून काय म्हणाले?’

‘निजवू नका’ असं ते म्हणाले, तेही मी सांगितलं. तिनं पहिल्यांदा सरांकडं बघितलं आणि विचारलं, मग का निजवलं? सर म्हणाले, निजवलं नसतं तर तिथंच गेले असते. लवकर निजवलं असतं तर कदाचित उठले असते. कदाचित. तिनं विचारलं, त्यांना तरास झाला का? एवढं तरी खोटं बोला असं मी मनात म्हणत होते.

‘हाव,’ ते म्हणाले. ‘शेवटची दहा मिनिटं.’

त्यांना क्षमा केली असं काही ती म्हणाली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. बसा म्हणूनही म्हणाली नाही. सर दाराच्या चौकटीला टेकून उभेच राहिले.

‘अन् त्याच्या आधी?’ तिनं मला विचारलं. ‘एवढा येळ काय बोलत होते ते? घरी तर तोंड उघडत न्हवते.’

मी म्हणाले, विहिरी सांगत होते. बांधलेल्या सगळ्या. बारा सांगितल्या.

‘बारा?’ ती म्हणाली. तिला पाचच ठाऊक होत्या. ती वळली आणि आतल्या खोलीकडं बघून लेकीला हाक मारली, ‘सुमन, भाईर ये. बाप काय बोलला ते ताई सांगायल्यात. येऊन ऐक.’

लेक आली, आईला खेटून बसली. धाकटा भाऊ दारात सरांशेजारी येऊन उभा राहिला. मी डोळे पुसले आणि सोनारीच्या वाटेवरल्या विहिरीपासून सुरुवात केली.